खांबाला हात नसतात

प्रिय मिरेल्ला,

मुलं मजेत आहेत. हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तोबिया तीन दिवस निव्वळ मोर्तादेल्ला सॉसेजच्या चकत्यांवर जगला आहे. सुपातल्या तोर्तेल्लीनीच्या भरल्या पुरचुंड्या त्याने एकेक करून बाहेर काढल्या, ताटाच्या कडेला रांगेत मांडल्या आणि म्हणाला, "मावशी, ह्या माझ्याकडे बघतायत." जिनेव्रा तुझ्यावर गेली आहे. जेवतेही नीट आणि उलट उत्तरही नीट देते. आज रविवार, दोघं अजून माझ्या पलंगावर आडवीतिडवी पसरली आहेत आणि मी स्वयंपाकघरात कॉफी घेऊन लिहायला बसले आहे. फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकत राहते आणि शेवटी माफी मीच मागते, हे आपलं लहानपणापासूनच ठरलेलं आहे. म्हणून या खेपेला कागद.

तू म्हणाली होतीस, "आम्ही लग्नाला जाऊन येतो तोवर त्यांना बोलोन्या दाखव, त्रेन्तोत नुसते डोंगर बघून कंटाळलीत." तर दाखवलं. शुक्रवारी चौकातला नेपच्यूनचा पुतळा बघितला. तोबियाला देवापेक्षा त्याच्या पायाशी पाणी पिणारी कबुतरं जास्त आवडली. मग जिनेव्राने मनोऱ्यावर जायचा हट्ट धरला. मी म्हटलं, तुम्ही दोघं ही शाळेची सहल आलीय तिच्याबरोबर वर जा, त्यांच्या बाईंना मी सांगते, मी खाली थांबते. "गुडघे दुखतात का?" जिनेव्राने विचारलं. मी सांगितलं, पदवी घेण्याआधी जो विद्यार्थी वर चढतो त्याला पदवी मिळत नाही. ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "मावशी, तू पन्नाशीची आहेस." खरं आहे. आई अंथरुणाला खिळली आणि मी विद्यापीठ सोडलं, त्यालाही आता जमाना झाला. तरी मनोऱ्याच्या त्या दारातून आत माझं पाऊल पडत नाही. तुझ्या पदवीच्या दिवशी डोक्यावर पानांचा मुकुट घालून तू वर गेलीस आणि मी खालून हात हलवत होते. तू मला बघितलंस की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

काल सकाळी त्यांना छपरात रुतलेले ते जुने बाण दाखवायला नेलं. तुला माहीत आहे, त्या जुन्या लाकडी छपराखाली माणसं मान मोडेस्तोवर वर बघत राहतात आणि तरी बाण दिसत नाहीत. मी मोठा आव आणून म्हटलं, "ज्याला आधी दिसेल त्याला बक्षीस." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत जिनेव्राने बोट वर केलं, तेही न शोधता. मला वाटलं, पुस्तकात वाचलं असेल. पुढे त्या गल्लीत, भिंतीतली खिडकी उघडली की कालवा दिसतो ना, तिथे तोबियाने खिडकीचं दार ढकलण्याआधी दोनदा ठकठक केलं आणि "पाणी घरात आहे का?" असं विचारलं. मी हसले. लहानपणी मीही असंच करायचे, पण सगळीच मुलं करत असतील, असं म्हणून सोडून दिलं. मी किती शहाणी आहे बघ.

मग आम्ही चौकाशेजारच्या त्या कमानीखाली गेलो. एका कोपऱ्यात भिंतीला नाक लावून कुजबुजलं की शब्द छतावरून जाऊन समोरच्या तिरक्या कोपऱ्यात पडतात आणि मधून चालणाऱ्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. शनिवारची ही गर्दी. चारही कोपऱ्यांत माणसं शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी. आमची पाळी आली तेव्हा जिनेव्रा पलीकडे पळाली आणि मी अलीकडे उभी राहिले. ती काय बोलणार? "मावशी, भूक लागली," एवढंच, असं मी धरून चालले होते. दगडातून आवाज आला, "मी खांब बोलतोय. सातशे वर्षं उभा आहे, पाय दुखतात. लिंबाचं आइस्क्रीम आण. चमचा आणू नकोस, खांबाला हात नसतात."

मिरेल्ला, मी भिंतीला हात टेकला. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुलाही नाही. रविवारी चर्च सुटल्यावर बाबा मला तिथे न्यायचे. आईला हा पोरकटपणा वाटायचा, ती तुला कडेवर घेऊन सरळ घरी जायची. बाबा फेर्राराच्या त्या बाईकडे गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू पुरती दोनचीही नव्हतीस. तुला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नव्हता, फोटो बघून तू "हा कोण?" म्हणायचीस. ते जाताना घरातलं काय काय घेऊन गेले यावरून आईने आयुष्यभर कडाकडा बोटं मोडली. माझ्याकडे त्यांचं एवढं एक वाक्य राहिलं होतं, ते मी जपून ठेवलं होतं. ते तुझ्या मुलीच्या तोंडात फक्त एकाच माणसाने घातलेलं असू शकतं.

मी आरडाओरडा केला नाही. दोघांना आइस्क्रीम घेऊन दिलं, पायऱ्यांवर बसवलं आणि विचारलं, "खांबाचं कुणी शिकवलं गं?" जिनेव्रा चमचा चाटत राहिली. तोबिया माझ्याकडे टक लावून बघत होता. मग म्हणाला, "तुला आता चक्कर येणार का?" मी म्हटलं, का बरं? "मम्माने सांगितलंय, मावशीसमोर आजोबांचं नाव काढायचं नाही, तिला चक्कर येते." जिनेव्राने त्याला कोपर मारलं. मी तिला म्हटलं, मार नकोस त्याला, मला चक्कर येत नाही, मी चांगली बसलेय. तेव्हा कुठे पोरीने सुस्कारा सोडला आणि मग धरण फुटल्यासारखी बोलत सुटली. आजोबा फेर्रारात किल्ल्यामागे राहतात, सायकलवाल्याच्या वर. आजोबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. आजोबांनी मला सायकल शिकवली, मी चार वर्षांची होते. आजोबांनी बाणांची चित्रं काढून दाखवली. आजोबा प्रत्येक वेळी विचारतात, "देलिया कशी आहे?" आणि मम्मा म्हणते, "तिचा राग अजून गेलेला नाही, बाबा. तिला तुमचं नावही नको असतं."

माझा राग, म्हणे!

आईच्या दफनाचा दिवस तुला आठवतो ना? तेव्हा जिनेव्रा तुझ्या पोटात होती. बाबा चर्चच्या दाराशी उभे होते, हातात टोपी, पुढे यायचं धाडस नव्हतं. मी त्यांच्याकडे वळले होते. रागावलेली होते, पण वळले होते. तू माझा दंड धरलास. तुझी नखं मला कोटातूनही कळली. "त्या माणसाशी एक शब्द बोललीस तर मला बहीण नाही असं मी समजेन." तुझी अवस्था बघून मी मान खाली घातली आणि त्यांच्या समोरून निघून गेले. त्यांनी पुढे केलेला हात माझ्या बाहीला लागला. आई गेली होती, मला तूच होतीस, म्हणून मी तुला निवडलं. नंतर एकदा त्यांचा फोन आला तेव्हाही मी "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून दिला आणि लगेच तुला कळवलं. तू म्हणालीस, "शाब्बास, देलिया." मी काल बसून हिशेब लावला. तेव्हा तुझी लेक चार वर्षांची होती. म्हणजे तू मला शाब्बास म्हणत होतीस आणि बाबा खाली रस्त्यावर तिच्या सायकलचं सीट धरून पळत होते.

तुला बाप हवासा वाटला, यात माझी काही तक्रार नाही. ज्याचा चेहरा आठवत नाही त्याची ओढ जास्त असते, हे मी समजू शकते. तू मला सांगितलं असतंस तर मी दोन दिवस रुसले असते, तिसऱ्या दिवशी केक घेऊन तुझ्याबरोबर गाडीत बसले असते. पण तू शपथ मला घातलीस आणि मोडलीस स्वतः, तीही मला न सांगता, आणि वर ती माझ्या गळ्यात तशीच ठेवलीस. कारण मी आले असते तर बाबा वाटून घ्यावे लागले असते, असंच ना? तुझ्या नवऱ्याला, रुज्जेरोला माहीत, मुलांना माहीत, फेर्राराच्या सायकलवाल्यालाही माहीत. नाताळात माझ्या टेबलावर बसून तुम्ही चौघं माझ्या हातचं जेवता, "मावशीसारखं सूप कुणाला येत नाही" म्हणता, आणि चौघांच्या पोटात एकच गोष्ट. एका सहा वर्षांच्या पोराला तू माझ्यासमोर जीभ सांभाळायला शिकवलंस. याची मला सगळ्यात जास्त चीड आली आहे.

बाबांनी आपल्याला सोडलं ते सोडलंच. ते मी विसरलेले नाही आणि त्यांच्याशी मला जे भांडायचं आहे ते मी भांडेन. पण ते माझं भांडण होतं, मिरेल्ला. तू माझ्या वतीने ते भांडत राहिलीस, मला न विचारता, आणि एका म्हाताऱ्या माणसाला दर भेटीत सांगत राहिलीस की त्याच्या थोरल्या मुलीला तो नको आहे. इतकी वर्षं ते माझ्याबद्दल काय समजत आले असतील, याचा विचार करते आणि माझं डोकं भणाणून जातं.

जिनेव्राला त्यांचा नंबर पाठ आहे. काल दुपारीच मी फोन लावला. मुलं दोन्ही बाजूंनी मला चिकटून बसली होती. "कोण?" बाबा म्हणाले. आवाज तोच, जरा खरखरीत. माझ्या तोंडून देलिया हे नाव काही निघेना. मी हळूच म्हटलं, "मी खांब बोलतेय." ते म्हणाले, "ऐकू येत नाही, मोठ्याने बोला!" म्हणून मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले, "मी खांब बोलतेय! पाय दुखतात!" खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा झानोत्तींनी खिडकी उघडून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मला वाटलं, आता ठेवतील ते फोन, आणि ठेवला असता तरी मी काय म्हणणार होते. मग ते म्हणाले, "आइस्क्रीम लिंबाचंच ना? बिनचमच्याचं?" तोबिया मला म्हणाला, "मावशी, आता खरंच चक्कर येतेय का?"

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तू संध्याकाळी मुलांना न्यायला येशील, घंटा वाजवशील, परत वाजवशील, आणि मग सिन्योरा झानोत्ती वर येऊन हे पाकीट तुझ्या हातात देतील. त्या कॉफी विचारतील, ती पी, पायऱ्यांवर उभ्याने वाचू नकोस. घाबरू नकोस, मुलं माझ्याबरोबर आहेत आणि त्यांचं जेवण झालेलं असेल. मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही, ते आज मला विचारू नकोस आणि आल्या आल्या रडूही नकोस, आजच्या दिवशी तिथे रडायचा पहिला मान माझा आहे. फेर्राराची गाडी दर तासाला असतेच. किल्ल्यामागे, सायकलवाल्याच्या वर. पत्ता तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

तुझीच, इतक्या वर्षांच्या सवयीने,
देलिया