चहाबरोबरची गोळी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "ताई, तुझं पुराण पुरे" म्हणून हसतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही. अक्षर वेडंवाकडं आहे, शाळा आपली चौथीपर्यंतच, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझ्या बायकोकडून कळलं, जेवण जात नाही, अंग खाजतं, लघवी काळपट होते. सोमवारी डॉक्टरकडे जाणार म्हणे. तिने काही सांगितलं तर तू जुमानत नाहीस, म्हणून मी बसलेय लिहायला.

लॉन्ड्रीत आपल्या मधल्या भावाची जागा तुला मिळाली, तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. यंत्रातून ओल्या चादरी ओढायच्या म्हणजे बुडालेलं माणूस बाहेर काढणं, असं मधलाच म्हणायचा. खांदे भरून येणारच. मी आणि मधला तिथे कामाला होतो तेव्हा किटलीशेजारी एक डबा असायचा, त्यात अंगदुखीच्या सगळ्या सुट्या गोळ्या. ओल्या हातांनी पाकीट फाडायचा कंटाळा, म्हणून आधीच काढून ठेवलेल्या. लाल खांद्याची, पांढरी कमरेची. दोन्हींत माल एकच, म्हणजे दुप्पट पोटात जायचा, हे फार उशिरा समजलं. चहाचा घोट, वर गोळी. मीही खाल्ल्या, मूठमूठ. मला काही झालं नाही. असं का, ते डॉक्टरलाही सांगता येईना. एकाच डब्यातलं कुणाच्या लिव्हरला सोसतं, कुणाच्या नाही.

भरदुपारी दोरीवरची चादर फुगते ना, तेव्हा पलीकडे मधला उभा असल्यासारखा वाटतो. वारा असतो, कळतं मला, खुळी नाही झाले अजून. तरी काम टाकून जाते आणि चादर बाजूला करून बघते. जाऊ दे.

मधल्याला डॉक्टरने माझ्यासमोर विचारलं होतं, औषधं कुठली घेता. "एकही नाही," छाती काढून म्हणाला. खोटं बोलला नाही रे तो. आपल्यात त्या गोळ्यांना औषध म्हणतंच कोण? डॉक्टर साधी कावीळ समजून बसला. आणि हा घरी पडून पडून पाठ दुखते म्हणून त्याच गोळ्या खात राहिला. डोळे हळदीसारखे होऊन गेला, तरी उशीखाली दोन उरल्याच होत्या.

तूही त्याच गोळ्या खिशात घेऊन फिरतोस, ठाऊक आहे मला. आता तुलाही तोच प्रश्न विचारतील, आणि तूही तेच उत्तर देशील, मान ताठ करून. म्हणून हे पत्र. सोमवार-बिमवार काही नाही, आजच जा. आता एकही गोळी तोंडात टाकू नकोस. माझी शेजारीण तिकडेच निघालीय, पत्र तिच्या हाती देतेय. तू वाचून चपला घालेपर्यंत ती दारातून हलणार नाही. खिशातलं सगळं डॉक्टरच्या टेबलावर ओत आणि म्हण, हे खातो मी रोज. लाज वाटली तर म्हण, म्हातारीने दम दिलाय. मला आता दुसऱ्या कुणासाठी चादर बाजूला करायची नाही.

तुझीच, कटकटी
ताई