गळ्याचे शहाण्णव टाके

ती. आत्या,

भाचीचा वाकून नमस्कार. (तुझा गुडघा दुखतोय, तेव्हा आशीर्वाद बसूनच दे.) डॉक्टरांच्या गोळ्या घेतेस ना, की अजून उशीखाली लपवतेस? मी इकडे धडधाकट आहे. अब्रू तेवढी गेली, पण तिच्यावाचून फारसं अडत नाही असं दिसतंय.

माझ्या अकरा कादंबऱ्या झाल्या. अकराही लहान गावातल्या, अकरांतही लोकरीच्या दुकानात प्रेम जमतं, आणि अकराही नायिका झोपेतसुद्धा विणतील इतक्या तरबेज. लेखिकेला मात्र सुई कुठल्या टोकाला धरतात हेही ठाऊक नव्हतं. हे गुपित फक्त आपल्या दोघींचं. नायिकेच्या हातातला एकेक टाका मी तुझ्या पत्रांतून उचलला, आणि आभाराच्या पानावर प्रकाशकांच्या मांजराचं नाव छापलं, तुझं नाही. तू कधी एका शब्दाने विचारलंही नाहीस.

तर गेल्या रविवारी वाचनालयाने वाचकांची भेट ठरवली. तीस जण आले, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. मला वाटलं खाऊ आणलाय. निघाली लोकर! ग्रंथपालबाईंनी माझ्या हातात दोन सुया देऊन सातव्या कादंबरीतली जाळीची वीण करून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, मनगट मुरगळलंय. पहिल्या रांगेतली एक नर्स उठली, तिने माझं मनगट सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "काही झालेलं नाही. विणा." मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. लगेच पाच चष्मे पुढे आले. (त्यातल्या एकाने मला खरंच छान दिसलं, पण ते असो.)

तेवढ्यात एक निवृत्त बसचालक उभे राहिले. सातव्या कादंबरीवरून त्यांनी निळा स्वेटर विणला होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर अंगात घातला आणि डोकं गळ्यात अडकलं. दोन्ही हात वर, चेहरा गायब, अशा अवस्थेत ते वर्तमानपत्रांच्या टेबलावर जाऊन आदळले. नर्सने धावत जाऊन गळ्याचे टाके मोजले. एकोणसत्तर.

"पुस्तकात तेवढेच आहेत," स्वेटरच्या आतून आवाज आला.

साठ डोळे माझ्याकडे वळले. (अठ्ठावन्न म्हण, दोन आत होते.) आणि मला तुझं पत्र आठवलं. तू ९६ लिहिले होतेस, मी ६९ उतरवले. आता त्या माणसाला असं अडकलेलं बघून खोटं कसं बोलू? मी सगळं सांगून टाकलं. मला विणता येत नाही, सगळं ज्ञान माझ्या आत्याचं, फक्त चूक तेवढी माझी.

मग आतून आवाज आला, "बाई, ते सावकाश सांगा. आधी मला बाहेर काढा!"

हसून हसून लोक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. नर्सने गळा उसवला. चालककाका लालबुंद चेहऱ्याने बाहेर आले. आता हे मला झापणार, अशी मी तयारी केली. ते म्हणाले, "हा स्वेटर बायकोने माझ्यासाठी घेतला होता विणायला. अर्धा झाला आणि ती गेली. तुमचं पुस्तक तिच्या सुयांजवळ उघडं होतं. जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या हातांना त्यावरून विणता आलं. ज्यांनी इतकं समजावून लिहिलं, त्यांना माझा नमस्कार कळवा."

तो कळवते आहे, आत्या. त्याच्याखाली माझाही घे. अकरा कादंबऱ्यांचा साचलेला आहे.

नर्सने तिथेच शहाण्णव टाक्यांचा गळा विणून दिला. काका स्वेटर घालूनच घरी गेले, बाहेर चांगलं ऊन असताना.

तुझी,
उघडी पडलेली भाची

ता. क. नव्या आवृत्तीत गळा दुरुस्त होईल आणि मुखपृष्ठावर माझ्या शेजारी तुझं नाव येईल. नको म्हणू नकोस, छापायला गेलंय.

आणखी एक ता. क. त्या तिसांनी मला उलटसुलट टाके शिकवले. मी तुझ्यासाठी मफलर घेतलाय विणायला. मात्र टाके बंद कसे करायचे हा धडा पुढच्या महिन्यात आहे आणि मफलर आत्ताच स्वयंपाकघरापर्यंत पोचलाय. पत्राने जमणार नाही. पहिल्या गाडीने निघ.