कडेचं घड्याळ

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मिळालं का म्हणून तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी काहीतरी सबब सांगून फोन आवरता घेतला. मिळालं गं. पाठ झालंय आता. ‘ती खोली मी निवडली, मीच बाबांना तिथे पाठवलं, मीच त्यांना मारलं,’ असं तू लिहिलंयस, आणि शेवटी मला विचारलंयस की मी तुला माफ करेन का. तुला झोप लागत नाही, गोळ्या सुरू झाल्यात, हे भावजींकडून कळलं. आता गप्प राहणं म्हणजे हलकटपणा होईल. फोनवर हे जमणार नाही. तू रडायला लागलीस की मी ‘जाऊ दे ताई’ म्हणेन आणि मोकळा होईन, नेहमीसारखा. पाकिटात दोन फोटो घातलेत. पत्र वाचून झाल्याशिवाय बघू नकोस म्हटलं तरी तू आधी तेच काढले असशील, तू कधी माझं ऐकलंयस?

तुझा इथला फ्लॅट भाड्याने द्यायचा होता तेव्हाची गंमत आठवते? जाहिरातीचे फोटो मी काढले होते, नवीन घेतलेल्या अल्ट्रा वाइड झूम लेन्सने. तुला पाठवले तर तुझा लगेच फोन, अरे ठोंब्या, हे कुणाचं घर पाठवलंस? तुझ्या स्वयंपाकघरात दोन माणसं आली की एकाला सिंकमध्ये उभं राहावं लागायचं, आणि फोटोत तिथे वरात नाचली असती. तू पोट धरून हसली होतीस. मी तुला रुबाबात सांगितलं होतं, आम्ही खोटं बोलत नाही, फक्त कोपऱ्यात उभे राहतो. तेच आमचं काम. दार उघडून पार भिंतीला टेकवायचं, दारात पाठ चिकटवून उभं राहायचं, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरायचा आणि लेन्सची रिंग फिरवायची. रिंग चोवीसच्या आकड्यावर ठेवली तर खोली साधारण आहे तशी येते. चौदावर आणली की समोरची भिंत लांब पळते, जमीन पसरते, पलंग आणि कपाट यांच्यात बागडायला जागा होते. मनगट जरासं वळवायचं, बस. फ्लॅटवाले, लॉजवाले, दवाखानेवाले, सगळे त्यासाठीच मला बोलावतात.

या लेन्सची एक खोड आहे. चौदावर कडेला आलेली कुठलीही गोल वस्तू लांबट होते. माणूस आला तर त्याचं डोकं भोपळ्यासारखं दिसतं. म्हणून कडेला गोल काही ठेवायचं नाही, हा आमचा पहिला धडा. हे मी बाबांच्या दुकानात शिकलो. लेन्स घेतल्यावर पहिला फोटो मी त्यांच्या दुकानाचा काढला होता, तुला पाठवला होता बघ. गिऱ्हाईक आत आलं तर स्टूल बाहेर काढावं लागेल एवढं ते घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि फोटोत शोरूम. बाबांनी सवयीप्रमाणे डोळ्याला भिंग लावलं. त्यांना कुठलाही फोटो दाखवा, माणसं राहिली बाजूला, आधी भिंतीवरचं नाहीतर कुणाच्या मनगटावरचं घड्याळ बघणार. तुझ्या लग्नाचे फोटो बघून काय म्हणाले होते? हॉलचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. तर त्या दिवशी दोन्ही भिंतींवरची त्यांची घड्याळं अंड्यासारखी झालेली. असं का, म्हणून विचारलं त्यांनी. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला, रिंग फिरवून दाखवली, सगळी करामत समजावली. त्यांना भारी मजा वाटली. म्हणाले, अशी घड्याळं कुणी दुरुस्तीला आणली तर मी हात जोडून परत पाठवीन. तो फोटो त्यांनी गल्ल्यामागे लावला होता. दुकान बंद केलं तेव्हाही आधी तोच काढून घेतला.

आता बाबांच्या अर्धांगाच्या झटक्यानंतरचे पाच महिने. त्याबद्दल मी तुला कधी धड बोललो नाही. तू विचारायचीस, कसं चाललंय, मी म्हणायचो, मजेत. ताई, मजेत काहीही नव्हतं. त्यांची उजवी बाजू गेली ती पूर्ण परत आलीच नाही. वॉकर धरून चालायचे, पण दर वेळी कुणीतरी मागे हवंच. आंघोळ, संडास, कपडे, सगळं मी. कामावर गेलो तर शेजारच्या काकूंकडे किल्ली, आणि त्यांचा फोन आला की काम अर्धं टाकून घरी. दोन ठिकाणची नेहमीची कामं गेली. एकदा सूप सांडलं म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. ज्या हाताने त्यांनी पन्नास वर्षं केसाएवढे स्क्रू बसवले, तो हात मांडीवर घेऊन ते खाली बघत राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती. मला फक्त तिथून पळून जायचं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

तेवढ्यात तू तो वृद्धाश्रम शोधून काढलास. आठवडाभर नेटवर बसून, वीस ठिकाणं बघून. लिंक पाठवलीस, खाली लिहिलंस, ‘खिडकीवाली खोली बघ, केवढी ऐसपैस आहे! तुझ्या हॉलपेक्षा मोठी. बाबांना वॉकर घेऊन फिरता येईल.’ मी फोटो उघडला. ताई, तो फोटो माझा होता. दोन वर्षांपूर्वी मीच तिथे जाऊन त्यांच्या माहितीपत्रकासाठी सगळ्या खोल्या काढल्या होत्या. दारात पाठ चिकटवून, चौदावर. नाव खाली नसतं ना आमचं, तुला कसं कळणार? ती खोली नऊ फूट बाय साडेसात आहे, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. मोबाइल हातात घेऊन मी बसलो, आणि खरं सांगतो, आधी वाटलं ते हायसं. सुटलो. लाज नंतर आली, बऱ्याच नंतर. मी लिहिलं, ‘मस्त आहे.’ तू म्हणालीस, प्रत्यक्ष जाऊन बघून ये. मी लिहिलं, ‘जाऊन आलोय.’ तेही खरंच होतं की! दोन वर्षांपूर्वी गेलोच होतो. हे असलं खोटं मला किती सफाईने जमतं बघ.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. पलंग आणि कपाट यांच्यामधून वॉकर जेमतेम जायचा, पण वळायचा नाही. बाथरूममधून पलंगाकडे येताना बाबांना वॉकर ओढत उलटं यावं लागायचं, पाठमोरं, एकेक पाऊल चाचपत. दर रविवारी मी ते बघत होतो. मोठी खोली रिकामी झाली की बघू, असं तिथली व्यवस्थापक बाई सांगायची आणि मी मान डोलवायचो. तुझा व्हिडिओ कॉल आला की मी फोन असा धरायचो की खिडकी आणि त्यांचा चेहरा एवढंच दिसावं. अकराव्या आठवड्यात, भर दुपारी, मदतनीस जेवायला गेल्या असताना ते असेच उलटे येत होते आणि पडले. तुला कळवलं, पाय घसरला. घसरला नव्हता. खुबा मोडला, मग न्यूमोनिया, मग अठरा दिवस, ते तुला माहीतच आहे. विमानतळावरून तू थेट दवाखान्यात आलीस आणि मी तुला धरून उभा होतो, तेव्हाही खोलीचं खरं काय ते तुला सांगितलं नाही. त्यांचं सामान आणायलाही मी तुला येऊ दिलं नाही. तू दगदग नको म्हणून समजलीस. तू दारात उभी राहिली असतीस तर एका नजरेत तुला सगळं कळलं असतं.

आता ते दोन फोटो. दोन्ही त्याच खोलीचे, एकाच दिवशी, एकाच जागेवरून, एका मिनिटाच्या अंतराने काढलेले. आधी चोवीसवर एक काढून बघतो मी, सवय आहे. तो माझ्या डिस्कवर पडून होता. त्यात कपाट कसं पलंगाच्या उरावर बसलंय ते बघ. दुसरा चौदाचा, तू नेटवर बघितलास तोच. त्याच्या उजव्या कडेला वर भिंतीवरचं घड्याळ आहे. नीट बघ, अंड्यासारखं झालंय. काढून ठेवायला विसरलो होतो. त्या एका फोटोत तेवढीच एक गोष्ट खरं सांगत होती. तुला ती दिसली नाही यात तुझी काही चूक नाही, आठवडाभर जागून बाबांसाठी खोली शोधणाऱ्या मुलीने काय घड्याळं बघत बसायचं?

तू माफी मागितलीस म्हणून हे लिहिलं. तीन वेळा कागद घेऊन ‘केलं माफ’ असं लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं, कारण माझ्या वाटणीचं तुझ्या माथी मारून वर मोठेपणा घ्यायचा, एवढं मात्र मला जमेना. तू पत्रात म्हणतेस, एकच समाधान आहे, बाबांना खोली आवडली होती, ते स्वतः फोनवर म्हणाले होते. म्हणाले होते. आता त्याच्या आधीचं ऐक. त्या लोकांनी छापील माहितीपत्रक पाठवलं होतं, ते मी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी उशीखालून भिंग काढलं, डाव्या हाताने डोळ्याला लावलं आणि त्या खोलीच्या फोटोवर वाकले. उजव्या कोपऱ्यावर येऊन थांबले. फार वेळ तिथेच होते. मग भिंग काढून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या शर्टाच्या घड्या घालत होतो, घालतच राहिलो. त्यांनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि ताईला फोन लाव म्हणाले. तुझ्याशी बोलले ते तसेच, माझ्याकडे बघत. खोली चांगली मोठी आहे, मला आवडली, पोरी, तू काळजी करू नकोस. फोन ठेवल्यावर मला एवढंच विचारलं, कधी निघायचं.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा, तरी तुझाच,
ठोंब्या