अगदी बरोबर वाक्य

११ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. भाऊजींना घेऊन पुढच्या महिन्यात येतेस म्हणालीस, पण घराला रंग काढायचाय. जरा थांबाच.

एक गंमत सांगते. आमच्या शिलाई कारखान्यात काम सुटल्यावर इंग्रजीचा वर्ग भरतो. बाई रोज नवा शब्द देतात आणि त्यावर घरातलंच वाक्य करायला लावतात. या वयात जीभ वळता वळत नाही, तरी माझाच हात सगळ्यांत आधी वर! 'युज्वली' आला, तेव्हा म्हटलं, माय हजबंड युज्वली सातला घरी येतात. 'रिपेअर' आला, तर माय हजबंड आमचा नळ स्वतः रिपेअर करतात. बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर!" मी आपली खूश.

तिथेच घोटाळा झाला. शेजारी काजं करणारी मावशी गुरुवारी म्हणाली, "अगं, तुझ्या नवऱ्याला पाठव की जरा. आमचा नळ कधीचा गळतोय, प्लंबर काही फिरकत नाही." मी म्हटलं, ते आजारी आहेत. तर संध्याकाळी ही बया डबा घेऊन दारात! "कुठेत भाऊजी?" म्हणत थेट आत आली. आत एकच ताट घेतलेलं. खुंटीवर फक्त माझे कपडे. आणि आमचा नळ गळत होता, खाली बादली लावलेली. तिने भरलेली बादली ओतली, परत नळाखाली ठेवली. "गरम आहे तोवर जेव," म्हणाली आणि गेली.

काल 'अबँडन' शब्द आला. मी हात वर केला नाही, तरी बाईंनी मलाच उठवलं. "माय हजबंड अबँडन्ड मी." बाई सवयीने "अगदी बरोबर" म्हणाल्या आणि मग त्यांचा चेहराच उतरला. मला मात्र काहीच वाटलं नाही. कुणा परक्या बाईची बातमी दिल्यासारखं झालं.

आज तुला मराठीत लिहायला बसले आणि रंगाची थाप मारून मोकळी झाले. रंगबिंग काही नाही. ताई, हे मला टाकून गेले. उन्हाळ्यातच. भांडण नाही, तंटा नाही, जेवले आणि गेले. फार एकटं वाटतं गं.

माहेरी वरच्या मजल्यावरच्या, नवरा सोडून गेलेल्या त्या बाईला आई काय म्हणायची, आठवतं ना? तो शब्द मला कुणीही लावू दे. तू लावू नकोस. आणि लावणार नसशील, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस, लगेच ये.

आता फक्त तुझीच,
धाकटी