जिंकलेले अपील आणि पांडूची होडी

रत्नागिरी, मे १९३१, गुरुवार

अपील जिंकलो. तरी जेवण गेले नाही. टेबलावर नारळ आहे. हिने विचारले, फोडू का? नको म्हटले.

उतारू जास्त घेतले म्हणून बंदरावरच्या अंमलदाराने पांडू तांडेलाची होडी जप्त केली, मिरकरवाड्याच्या वाळूत सील ठोकून ठेवली. जप्तीआधी पांडूचे म्हणणे ऐकलेच नव्हते. त्याचा वकील म्हणून मांडलेला हा माझा मुद्दा आज अपील ऐकणाऱ्या साहेबांनी मानला, हुकूम रद्द केला. पण होडी सगळा उन्हाळा उघडी तापली. माडाच्या झापांनी झाकायची, तेल पाजायची परवानगी मागितली होती. उत्तर आले, अपील चालू असता मालाला हात लावू नये.

आज मी नुकसानीचे काढले. साहेब म्हणाले, "तो प्रश्न या अपिलात नाही." बरोबरच आहे. कायद्याने बरोबरच. मग मी जिंकलो काय?

संध्याकाळी सील तोडले. उन्हाने आकसलेल्या फळ्यांच्या फटींतून पलीकडची वाळू दिसत होती. पाण्यात लोटताना फोडायला पांडूने नारळ आणला होता. तो होडीभोवती एकदा फिरला, फळीवर हात ठेवून उभा राहिला. मग नारळ माझ्याच हातात दिला.

"घरी न्या, भाऊ. वैनींना चटणीला होईल."