समुद्राच्या सिनेमावरची जादा मतं

सोमवार, ७ मार्च
तीनच्या खेळाला तिकिटं गेली एकोणतीस. बाहेरच्या पेटीत प्रेक्षकांची मतं निघाली त्रेचाळीस! चौदा माणसं काय खिडकीतून शिरली? ह्या समुद्राच्या प्रेमकथेला खुर्च्या रिकाम्या आणि पेटीत मात्र गर्दी. कुठेतरी पाणी मुरतंय.

मालक दर गुरुवारी ही मतांची कार्डं वाचूनच ठरवतात – सिनेमा ठेवायचा की उतरवायचा. खोटी कार्डं त्यांच्या हाती लागली तर आधी मान माझी. अठरा वर्षं ह्या थिएटरचा मॅनेजर आहे. अजून एक डाग नाही!

मंगळवार, ८ मार्च
कार्डं घरी आणली, टेबलावर पसरली. खरं कार्ड लगेच ओळखू येतं, कारण खरा प्रेक्षक कुरकुरतो. 'प्रेम कमी, पाणी जास्त.' 'नायिका सात वर्षं धक्क्यावर उभी, केस एकदाही विस्कटत नाहीत.' 'नायक बुडाला, गाणं थांबलं, बरं वाटलं.' एका बाईंनी लिहिलंय – 'मी असते तर दुसऱ्याच वर्षी लग्न केलं असतं. आमच्या ह्यांना सांगू नका.' हसू आवरेना.

आणि उरलेली चौदा? 'फार छान. आणखी एक आठवडा ठेवा.' शब्द तेच, अक्षर मात्र दर कार्डावर वेगळं. म्हणजे एकटादुकटा नाही – टोळी आहे!

बायको म्हणाली, "तुम्ही आरशातल्या माणसाकडेही तिकीट मागाल." तिला काय जातंय बोलायला.

बुधवार, ९ मार्च
ऑपरेटर! हा सिनेमा लागल्यापासून स्वारी खुशीत आहे. शीळ काय घालतो, पायऱ्या काय उड्या मारत चढतो. सहज विचारलं, "सिनेमा आवडलेला दिसतो?" तर म्हणे, "साहेब, मी रिळं बघतो, सिनेमा नाही." उत्तर फारच तयार होतं.

दारात वाटायच्या कार्डांवर कोपऱ्यात पेन्सिलीनं टिंब दिलं. आता बिनटिंबाचं निघेल ते बाहेरचं. बघतोच.

गुरुवार, १० मार्च
बिनटिंबाची सोळा! सामानाच्या कपाटात कोऱ्या कार्डांचा गठ्ठाही निम्मा झालेला. दुपारचा खेळ सुटला तसा खांबाआड उभा राहिलो.

पकडलं! पण ऑपरेटर नव्हे, झाडणाऱ्या मावशी. पिशवीतून कार्डं काढून पेटीत टाकत होत्या. मावशींना तर सहीसुद्धा येत नाही. गल्लीत एकेकाला गाठून लिहून घेतलं म्हणाल्या. मी म्हटलं, "ऑपरेटरनंच सांगितलं ना? खरं बोला!" नाही म्हणाल्या. तीनदा विचारलं. चौथ्यांदा दम भरला. "चुकलं साहेब," एवढंच, आणि मान खाली.

संध्याकाळी मालकांना सगळं सांगितलं. "मावशींना राहू दे, सिनेमा उतरव," म्हणाले. "डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस आहेस." पाठ थोपटली. खोटं कशाला लिहू, छाती फुगली. ऑपरेटर मात्र माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याच्या मनात काळंबेरं आहेच.

शुक्रवार, ११ मार्च
समुद्राच्या रिळांचे डबे सकाळच्या गाडीनं रवाना. स्वतः उभं राहून चढवले. नवा सिनेमा मारामारीचा – हाऊसफुल्ल!

शनिवार, १२ मार्च
मावशी केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, तो जहाज सुटतं तेवढाच भाग एकदा लावता येईल? गर्दीत माझी लेक आहे. शूटिंगला एक दिवस गेली होती. हात हलवते बघा."

लेक आता कुठे असते, विचारलं. "दोन वर्षं झाली जाऊन. फोटो एकही नाही तिचा."

डबे कालच गेले, म्हणालो. मग विचारलं – मावशी, परवाच का नाही सांगितलंत?

म्हणाल्या, "तुम्ही ऑपरेटरचंच विचारत होता."