खिडकीला ओक्नो म्हणायचं, अक्नो नाही

३ मार्च

स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: कुसुमच्या लाकडी कपाटाची ध्वनिमुद्रणाची खोली — आतून जुन्या गाद्या, दाराला रबर. प्लास्टरची जीभ आणि टाळू. रशियन, पोलिश, चेक, युक्रेनियन उच्चारांचा भिंतभर तक्ता. आणि रशियनचे सगळे धडे, माझ्या आवाजात. गुरू कोणी नाही. कॅसेटी आणि आरसा, बस्स.

माझ्या रशियनच्या क्लासला विद्यार्थी दोनच उरलेत. एप्रिलपासून मार्केट यार्डात मेव्हण्यांच्या, म्हणजे कुसुमच्या भावाच्या, गाळ्यावर बसायचं, असं घरात ठरलंय. मला न विचारता.

९ मार्च

सुरुचीच्या ऑफिसातला आमोद येऊन गेला. लेकीनंच पाठवला. हिंजवडीत त्यांची कंपनी भाषांचं ॲप करते. धडे विकत घेऊ म्हणाला. क्लास वाचेल!

मग म्हणतो, "सर, पोलिश पण देऊन टाका ना. सेमच असतं ना सगळं?"

"सेमच. पुरणपोळी आणि भाकरी दोन्ही गोलच असतात."

दुधावरून समजावलं. रशियन लिहितो मोलोको, म्हणतो मलाको — जोर नसलेला ओ विरतो. युक्रेनियन तिन्ही ओ जपतो. पोलिश म्लेको, तिथे जोर बहुतेक शेवटून दुसऱ्या अक्षरावर. चेकमध्ये पहिल्यावर. तो मोबाइल बघत होता.

१४ मार्च

पोलिशसाठी कपाटात बसलो. खिडकी म्हणजे ओक्नो, जोर पहिल्यावर. तोंडातून येतं अक्नो, जोर शेवटी — अस्सल रशियन. पुन्हा अक्नो. पुन्हा तेच. इतकी वर्षं घासून जीभ अशी बसवली की आता ती हलेना.

उठायला गेलो तर दार उघडेना. बाहेरची कडी पडली होती. हाका मारल्या. कुसुम त्याच खोलीत भाजी निवडत होती, तिला काही ऐकू गेलं नाही. इतकं पक्कं काम केलंय मी! कपाटावरची चाळण घ्यायला उठली, तेव्हा दार हलताना दिसलं तिला, मग सुटलो.

"अहो, आत काय करत होतात?"

"पोलिश."

"येतंय का?"

चाळण काढून तिच्या हातात दिली.

१६ मार्च

आमोदचे तीन फोन. पोलिश तसंच पाठवलं. पाठवायला नको होतं.

२१ मार्च

पसंत! रशियनही, पोलिशही. "एक्झॅक्टली हेच हवं होतं, सर." पोलिशसुद्धा? कान आहेत की नाहीत यांना!

कुसुमनं शिरा केला. भावाला कळवूनही मोकळी झाली — जयसिंगदादा, गाळ्यावर दुसरा माणूस बघ, आता हे काही यायचे नाहीत.

२८ मार्च

हिंजवडीला जाऊन आलो. करार शब्द न् शब्द वाचला. माझे धडे शिकवायला नकोच आहेत त्यांना. परक्याच्या तोंडी या भाषा कशा बिघडतात, ते यंत्राला ओळखता यावं म्हणून नमुना हवाय. पोलिश आणि रशियन, दोन्ही एकाच रकान्यात: चुकीचे उच्चार.

नाही म्हणून आलो. घरी अजून बोललेलो नाही. सहा लाख चाळीस हजार देत होते.